परदेशात बस-रेल्वेसाठी रिचार्जचे कार्ड घ्यावे की बँकेचेच कार्ड टेकवावे?

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. येत्या एप्रिलच्या सुरुवातीस मी, माझी पत्नी, थोरली बहीण आणि मुलीचा दहा वर्षांचा मुलगा असे चौघे परदेशी निघालो आहोत. बेळगावहून बंगळूर, तेथून सिंगापुरात भाचीकडे काही दिवस, मग मुलगा नोकरीस आहे त्या ओसाकाला, आणि शेवटी टोकियो पाहून नारिता विमानतळावरून परत, असा बेत आहे. मुलाला रजा थोडीच मिळणार असल्याने पुष्कळसे हिंडणे आम्हाला आमच्या भरवशावरच करावे लागेल.

माझा प्रश्न तेथील बस आणि रेल्वेच्या कार्डाविषयी आहे. कोणी सांगतात की प्रत्येक देशात तेथले रिचार्जचे कार्ड घ्यावे, तर कोणी सांगतात की आता सगळीकडे बँकेचेच कार्ड फाटकाला टेकवले की भागते. चौघांत मिळून एक कार्ड चालते का, नातवाला अर्धे भाडे पडते का, आणि परत निघताना कार्डात उरलेल्या पैशांचे काय होते, एवढे तीन प्रश्न मला विशेष छळत आहेत. बंगळूरच्या मेट्रोतही मी अजून खिडकीवर जाऊन टोकनच घेतो, हे लक्षात ठेवून कृपया सविस्तर सांगावे.

निपाणी_नाका

गुरुजी, चौघांना चार कार्डे लागतील एवढे आधी मनात पक्के करा, कारण सिंगापूर आणि जपान या दोन्ही ठिकाणी एका वेळी एका कार्डावर एकच माणूस फाटकातून आत जातो.

टिळकवाडीची_सून

तुम्ही लंडनला जात नाही हे खरे, तरीही बँकेचे कार्ड टेकवण्याची पद्धत जेथे उत्तम रुळली आहे असे ते शहर असल्याने तेथले सांगते. तेथे २००३ साली ऑयस्टर हे रिचार्जचे कार्ड आले. पुढे २०१२ च्या डिसेंबरात बसमध्ये आणि २०१४ च्या सप्टेंबरात भुयारी रेल्वेत बँकेचे कार्ड थेट टेकवता येऊ लागले. मोठ्या माणसाचे भाडे दोन्ही कार्डांना सारखेच पडते, दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरलेल्या मर्यादेच्या वर पैसे कापले जात नाहीत, आणि सोमवार ते रविवार अशा आठवड्यालाही तशीच मर्यादा आहे. ऑयस्टरसाठी पूर्वी घेतली जाणारी अनामत कार्ड परत केल्यावर मिळत असे. आता कार्डाचे शुल्क परत मिळत नाही. त्यामुळे थोड्या दिवसांच्या पाहुण्याने ते मुद्दाम विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. आत जाताना जे टेकवले तेच बाहेर पडताना टेकवायचे. आत जाताना प्लास्टिकचे कार्ड आणि बाहेर पडताना तेच कार्ड भरलेला मोबाईल, असे केले तर यंत्राच्या हिशेबी ते दोन वेगळे प्रवासी होतात आणि दोघांचाही प्रवास अपुरा धरून दोघांनाही कमाल भाडे लागते. दहा वर्षांपर्यंतची मुले मोठ्या माणसाबरोबर तेथे भुयारी रेल्वेत फुकट जातात, एवढे नातवापुरते सांगून ठेवते. पुढेमागे लंडन झालेच तर तो तोवर मोठा झालेला असेल.

माझे मत विचाराल तर जेथे बँकेचे कार्ड चालते तेथे दुसऱ्या कार्डाच्या भानगडीत पडूच नये.

वडगावकर_अण्णा

ताई, तुमचे म्हणणे तुमच्यापुरते रास्त आहे, परंतु गुरुजींच्या घरात चार जणांना मिळून परदेशात चालणारी किती कार्डे असतील याचाही विचार करा. आपल्याकडे नवरा-बायकोचे मिळून एक खाते, त्याला एक कार्ड, आणि गुरुजींच्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, पेन्शनचे खाते असले तर त्याला रुपे कार्ड, अशीच बहुतेक घरांतली परिस्थिती असते. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते कार्ड देणार? शिवाय पेन्शन जमा होते त्या खात्याचे कार्ड परक्या शहरातल्या गर्दीत दिवसाकाठी दहा वेळा खिशातून काढायचे, हे मला अजिबात पटत नाही. ते हरवले किंवा यंत्राने नाकारले तर जेवणाचे आणि राहण्याचेही वांधे होतात. रिचार्जचे कार्ड हरवले तर त्यात भरलेलेच पैसे जातात.

कॅम्पातला_बँकवाला

अण्णांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन दिलेले किंवा बदलून दिलेले कार्ड केवळ देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या यंत्रांवर चालेल अशाच स्थितीत हाती येते. परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय या दोन्ही गोष्टी ग्राहकाने बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः चालू करून घ्याव्या लागतात. पुष्कळ लोक पहिली चालू करतात आणि दुसरी विसरतात. मग दुकानात कार्ड यंत्रात खुपसून चालते, फाटकावर मात्र चालत नाही, आणि दोष तिथल्या रेल्वेला दिला जातो.

दुसरे असे की परकीय चलनातल्या प्रत्येक खर्चावर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के जास्तीचे घेतात आणि त्या आकारावर जीएसटी लागतो. बसच्या तिकिटावर ही रक्कम किरकोळ असते, म्हणून निव्वळ या कारणासाठी बँकेचे कार्ड टाळू नये. परंतु तुमची बँक टक्क्यांखेरीज दर व्यवहाराला ठरावीक रक्कम आकारत असेल तर लहान लहान तिकिटांवर ती बोचते. निघण्यापूर्वी शुल्काचा तक्ता मागून घ्या.

तिसरे, आक्कांचे रुपे कार्ड. फाटकावर टेकवण्यासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड हेच धरून चला. बंगळूरच्या मेट्रोत चालणारे आणि २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालेले राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड हे देशातल्या वाहतुकीसाठी आहे. ते सिंगापूरच्या किंवा जपानच्या फाटकावर चालत नाही. हा प्रश्न मला काउंटरवर नेहमी विचारला जातो म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शहापूरची_आक्का

गुरुजी, बहिणीला आणि काकूंना घरातूनच समजावून न्या. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत आधार कार्ड दाखवले की कर्नाटकात आम्हा बायकांचे तिकीट लागत नाही, आणि महाराष्ट्रात लाल परीत बसले की निम्मे लागते. दोन राज्यांच्या सीमेवर राहून आम्हाला इतकी सवय झाली आहे की सिंगापूरच्या बसमध्ये चढल्यावर हात आपोआप आधार कार्डाकडेच जाईल. वय झालेल्यांना तेथे काही सवलत आहे का, हेही कोणी जाणकाराने सांगावे.

संकेश्वर_ते_देरा

माझी बरीच वर्षे दुबईत गेली, म्हणून तेथले थोडक्यात सांगतो. या धाग्यावर पुढे कोणी तिकडे जाणारा आला तर त्याला उपयोगी पडेल. दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि तिच्यासोबत नोल कार्ड आले. पाहुण्यापुढे दोन पर्याय असतात. लाल रंगाचे कागदी तिकीट दोन दिरहमला मिळते, त्यावर जास्तीत जास्त दहा फेऱ्या भरता येतात, परंतु ते एकाच प्रकारच्या वाहनाला चालते. म्हणजे मेट्रोसाठी भरले असेल तर त्यावर बसमध्ये बसता येत नाही. चंदेरी कार्ड पंचवीस दिरहमचे असते आणि त्यातले एकोणीस प्रवासाला वापरता येतात. सोनेरी कार्डाचे भाडे दुप्पट, कारण त्यावर वेगळ्या डब्यात बसायला मिळते. आपल्या गावचे लोक घाईघाईत लाल तिकीट घेतात आणि मग बसमध्ये अडतात. मेट्रोशिवाय एकदाही बसमध्ये चढण्याची शक्यता असेल तर सरळ चंदेरी घ्यावे.

वडगावकर_अण्णा

पाहा, दुबईत शेवटी रिचार्जचेच कार्ड कामी आले.

टिळकवाडीची_सून

अण्णा, दुबईच्या उदाहरणाने लंडन खोटे ठरत नाही. प्रत्येक शहराची रीत निराळी, एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि ते मलाही मान्य आहे.

चिक्कोडीची_लेक

मी सिंगापुरात राहते, म्हणून गुरुजींच्या पहिल्या मुक्कामाविषयी अधिकाराने लिहू शकते.

येथे २००२ पासून ईझेड-लिंक हे रिचार्जचे कार्ड आहे आणि २०१९ पासून बँकेचे कार्डही थेट टेकवता येते. भाडे अंतरावर ठरते, म्हणून बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावे लागते. ते राहून गेले की शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. आपल्याकडे उतरताना काही करण्याची सवय नसल्याने माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे बस थांब्याजवळ येऊ लागली की पुन्हा सांगते. परदेशातल्या बँकेचे कार्ड वापरले तर भाड्याखेरीज प्रवासाच्या प्रत्येक दिवसाला साठ सेंट प्रशासकीय शुल्क लागते, आणि ते प्रत्येक कार्डाला वेगळे लागते. चौघे जण असाल तर ही रक्कम वाढत जाते.

पर्यटकांसाठी ठरावीक दिवसांचा पासही मिळतो आणि त्यावर कितीही फिरता येते. मात्र सकाळी एका ठिकाणी जायचे, दुपारी घरी येऊन आराम करायचा आणि संध्याकाळी जवळपास एक चक्कर मारायची, अशी ज्यांची चाल आहे त्यांना त्याचे पैसे वसूल होत नाहीत. साध्या फेरीला येथे साधारणपणे एक ते अडीच डॉलर पडतात. तेवढ्यावरून हिशेब करावा.

गुरुजींनी मात्र यातले काहीही विकत घेऊ नये असे मला वाटते. त्यांच्या भाचीच्या घरात आणि तिच्या शेजारी जास्तीची ईझेड-लिंक कार्डे नक्की पडलेली असतील. मोठ्यांचे साधे कार्ड कोणाच्या नावावर नसते, त्यामुळे ते उसने घेता येते. त्यात पैसे भरावेत, वापरावे आणि जाताना तिच्याच हाती परत द्यावे. मग उरलेल्या पैशांचा प्रश्नच राहत नाही.

शहापूरच्या आक्कांना सांगायचे तर ज्येष्ठांची सवलत येथील नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना असते, पाहुण्यांना नाही. लहान मुलांची सवलतही सातव्या वर्षापर्यंतची आहे, त्यामुळे गुरुजींच्या नातवाला येथे पूर्ण भाडे पडेल.

उद्यमबाग

सिंगापुरात जुनी कार्डे बंद करणार होते ना? मग उसने घेतलेले जुने कार्ड चालेल कसे?

चिक्कोडीची_लेक

चांगली शंका काढलीत. २०२४ च्या जानेवारीत तसे जाहीर झाले होते खरे. नव्या पद्धतीत पैशांचा हिशेब कार्डाऐवजी दूरच्या संगणकावर ठेवला जातो, त्यामुळे फाटकावर किती कापले आणि किती उरले ते दिसत नाही. नेमके यावरूनच लोक बिथरले. वयस्कर मंडळींचे म्हणणे असे होते की आकडा डोळ्यांना दिसल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही, आणि प्रत्येक वेळी मोबाईल उघडून शिल्लक पाहणे आम्हाला जमणार नाही. दोन आठवड्यांच्या आत सरकारने निर्णय फिरवला आणि जुनी यंत्रणा चालू ठेवण्यासाठी चार कोटी डॉलर वेगळे काढले. म्हणून गुरुजी, भाचीकडून कार्ड घेताना जुन्या पद्धतीचेच मागून घ्या. तुम्हाला फाटकावर आकडा दिसेल.

मलप्रभाकाठ

आकडा दिसलाच पाहिजे, या बाबतीत मी सिंगापूरच्या म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे. भाचीला आजच कळवतो. आता जपानविषयी कोणी सांगेल काय?

नागोयातून_हिंडलगेकर

गुरुजी, जपानमध्ये मात्र माझे उत्तर सरळ आहे. बँकेच्या कार्डाच्या भरवशावर राहू नका, चौघांसाठी रिचार्जची कार्डे घ्या. कारणे सांगतो.

येथे प्रत्येक प्रदेशाच्या रेल्वे कंपनीचे आपले कार्ड आहे. टोकियोकडे २००१ साली सुइका आले, ओसाकाकडे २००३ साली इकोका आले, टोकियोच्या खासगी रेल्वे आणि बस कंपन्यांचे पास्मो २००७ साली आले. २०१३ च्या मार्चपासून अशी दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या प्रदेशात चालतात, म्हणून ओसाकात घेतलेले इकोका टोकियोतही निर्धास्त वापरता येते. दुकानांत, पेय मिळणाऱ्या यंत्रांवर आणि सामान ठेवण्याच्या लॉकरवरही ते चालते. बँकेच्या कार्डाचे म्हणाल तर ओसाकाच्या मेट्रोने २०२४ पासून आणि तिकडच्या काही खासगी रेल्वे कंपन्यांनी ती सोय केली आहे, परंतु जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, फाटकांवर, ज्यांच्याशी तुमचा सर्वांत जास्त संबंध येणार आहे, ते धरून चालता येत नाही. शिवाय बँकेचे कार्ड टेकवले तर मुलाचेही मोठ्या माणसाइतकेच भाडे कापले जाते.

नातवासाठी मुलांचे इकोका मिळते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे लागते. ते यंत्रातून मिळत नाही; ओसाकाच्या कान्साई विमानतळावरच जेआरच्या तिकीट कार्यालयात मुलाचे पारपत्र दाखवले की त्याच्या नावाचे कार्ड करून देतात. विमानातून उतरल्यावर थकवा असला तरी हे काम तेथेच उरकून घ्या. मोठ्यांची तिन्ही कार्डे यंत्रातून निघतात. प्रत्येकी दोन हजार येन भरले की त्यातले पाचशे अनामत म्हणून राहतात आणि दीड हजार वापरता येतात. कार्डात जास्तीत जास्त वीस हजार येन मावतात, पण एका वेळी दोन-तीन हजारांपेक्षा जास्त भरण्याचे काहीच कारण नाही. पैसे भरण्याच्या बहुतेक यंत्रांना रोख लागते, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ बाळगा.

शिल्लक कमी पडली म्हणून घाबरू नका. बाहेर पडताना फाटक मिटले तर आतल्या बाजूलाच कमी पडलेले भाडे भरण्याचे यंत्र असते. त्यात कार्ड घालून पैसे भरले की फाटक उघडते. तेथे कोणी रागावत नाही, दंडही होत नाही. क्योटोला गेलात तर शहराच्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरताना कार्ड टेकवायचे, भाडे शहरभर सपाट २३० येन. आपल्या गावच्या बसमध्ये ज्या दाराजवळ माणूस सापडेल त्या दाराने चढण्याची सवय असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्या, कारण येथे पुष्कळ पाहुणे अडतात. कार्ड सगळीकडे चालते याचा अर्थ एका प्रदेशात टेकवून आत गेलात आणि थेट दुसऱ्या प्रदेशात बाहेर पडलात तरी चालेल, असा होत नाही. ओसाकाहून टोकियोला जाणाऱ्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीचे तिकीट वेगळेच काढावे लागते, आणि साध्या गाडीनेही प्रदेशाची हद्द ओलांडून कार्डावर बाहेर पडता येत नाही.

निपाणी_नाका

म्हणजे कोगनोळीच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडली की, पास चालत नाही, तसेच हे झाले की.

अनगोळचा_प्रवासी

गुरुजींना कार्डाऐवजी जपानचा सात दिवसांचा रेल्वे पासच घ्यायला का सांगू नये? आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी तोच घेतला होता आणि ते फार खूश होते.

नागोयातून_हिंडलगेकर

काही वर्षांपूर्वी, हे महत्त्वाचे. तेव्हा सात दिवसांचा पास २९,६५० येनला होता. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो ५०,००० येन झाला. ओसाका ते टोकियो एका बाजूचे शिंकान्सेनचे भाडे साधारण चौदा हजार येन पडते. गुरुजींचा लांबचा प्रवास तेवढाच एक आहे, आणि पास घेतला तरी ओसाकाच्या मेट्रोसाठी आणि बससाठी वेगळे पैसे मोजावेच लागतील. या बेतात पास बसत नाही.

उद्यमबाग

प्लास्टिकच्या कार्डाची रांग कशाला? सुइका आणि इकोका मोबाईलमध्येही घेता येतात. पाचशे येनची अनामत वाचते, शिल्लक पडद्यावर दिसते, आणि गुरुजींना आकडा पाहायचाच आहे.

नागोयातून_हिंडलगेकर

आयफोन असेल तर तुमचे म्हणणे बरोबर आहे. अँड्रॉइडचे बहुतेक फोन जपानबाहेर विकताना त्यासाठी लागणारी सोय चालू नसते, म्हणून बेळगावात घेतलेल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये हे बसणार नाही. आणि एक फोन म्हणजे फाटकातून एकच माणूस, त्यामुळे चौघांना चार आयफोन लागतील.

शहापूरची_आक्का

चार आयफोन घेण्यापेक्षा गुरुजींनी खानापुरात एखादा प्लॉट पाहावा.

कॅम्पातला_बँकवाला

चौघे आणि एक कार्ड या प्रश्नाला अपवादही आहेत, ते विषय निघाला म्हणून सांगतो. न्यूयॉर्कमध्ये एकच कार्ड किंवा फोन चार जणांसाठी लागोपाठ टेकवता येतो, आणि तेथील जुन्या मेट्रोकार्डाची विक्री २०२५ च्या अखेरीस थांबल्याने आता सगळी भिस्त टेकवण्यावरच आहे. मात्र आठवड्याची कमाल मर्यादा कार्डामागे एकाच माणसाला मोजली जाते, त्यामुळे तेथेही आठवडाभर राहणाऱ्यांनी कार्डे वेगळी ठेवलेलीच बरी. पॅरिसमध्ये साधे नाविगो कार्ड दोन युरोंना मिळते, ते दर माणशी एक लागते, आणि आठवड्याचा पास कधीही घेतला तरी सोमवार ते रविवार असाच मोजतात. गुरुवारी उतरणाऱ्याने तो घेण्यात हशील नाही.

वडगावकर_अण्णा

उरलेल्या पैशांच्या प्रश्नावर अजून कोणी नीट बोललेले नाही. आपल्याकडच्या बसमध्ये सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे येणे लिहून देतो आणि उतरण्याच्या गडबडीत ते घ्यायचे राहून जाते. या कार्डांतली शिल्लक नेमकी तशीच असते. पैसे आपलेच असतात, कोणी नाकारतही नाही, परंतु ते मागण्याची जागा आणि वेळ चुकली की संपले. माझा मुलगा सिडनीहून परतला तेव्हा तेथल्या ओपल कार्डातली शिल्लक काढण्यासाठी ऑस्ट्रेलियातले बँक खाते लागते हे त्याला कळले. पाहुण्याकडे ते कोठून असणार? त्याने ते कार्ड तेथल्या मित्राला देऊन टाकले. म्हणून माझा आग्रह असा की कार्ड घेतानाच ते कोठे परत करायचे हे विचारून घ्यावे आणि मगच त्यात किती भरायचे ते ठरवावे.

संकेश्वर_ते_देरा

हाँगकाँगचे ऑक्टोपस कार्ड या बाबतीत मला सर्वांत सोयीचे वाटले. १९९७ पासून आहे आणि पन्नास हाँगकाँग डॉलरची अनामत असते. शेवटच्या फेरीला शिल्लक कमी पडली तर त्या अनामतीच्या जोरावर ती उण्यात जाऊ देतात, त्यामुळे विमानतळाच्या वाटेवर चिल्लरीसाठी धावपळ होत नाही.

मलप्रभाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. आता माझा बेत असा ठरतो आहे. सिंगापुरात भाचीकडून जुन्या पद्धतीची कार्डे उसनी घ्यायची. तिने तीन असल्याचे कळवले आहे, चौथे शेजारून येणार आहे. ओसाकाला उतरल्यावर विमानतळावरच मोठ्यांची तीन आणि नातवाचे एक अशी चार इकोका कार्डे करायची. बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर आणि टेकवण्याची सोय दोन्ही चालू करून घ्यायची, परंतु ते कार्ड अडीअडचणीसाठी आतल्या खिशात ठेवायचे.

अण्णांच्या म्हणण्यावरून एकच गोष्ट विचारायची राहते. कार्डे ओसाकात घेणार आणि परतीचे विमान टोकियोच्या नारिताहून, तर ती परत कोठे करायची? मुलगा शनिवार-रविवार आमच्याबरोबर टोकियोला येणार आहे आणि आम्हाला नारिताला सोडून ओसाकाला परतणार आहे.

नागोयातून_हिंडलगेकर

गुरुजी, इकोका टोकियोत वापरता येते, पण परत करता येत नाही. ते ओसाकाच्या बाजूच्या जेआरच्या स्थानकावरच परत घेतात. सुइकाचेही तसेच, ते ओसाकात परत होत नाही. तुमच्या बाबतीत मुलगा बरोबर आहे, त्यामुळे प्रश्न सोपा होतो. नारिता स्थानकातून बाहेर पडल्यावर मोठ्यांची तिन्ही कार्डे त्याच्या हाती द्या. त्यांवर कोणाचे नाव नसते, म्हणून तो ओसाकात ती सहज परत करू शकेल.

परताव्याच्या हिशेबातली एक खुबी लक्षात ठेवा. शिल्लक असेल तर त्यातून २२० येन शुल्क कापतात, आणि शिल्लक शून्य असेल तर पाचशेची अनामत पूर्ण परत मिळते. म्हणून विमानतळावरच्या दुकानात तिन्ही कार्डे रिकामी करून मगच मुलाला द्या. परत करण्याची घाई नसली तरीही हरकत नाही, कारण शेवटच्या वापरापासून दहा वर्षांपर्यंत कार्ड चालू राहते. काकू किंवा आक्का पुन्हा गेल्या तर तेच वापरतील.

नातवाचे कार्ड मात्र त्याच्या नावाचे असते आणि परत करताना ओळखपत्र मागतात, म्हणून ते मुलाकडे देण्याच्या फंदात पडू नका. त्यातली शिल्लक नारिताला खाऊवर संपवू द्या आणि कार्ड त्याच्याकडेच राहू द्या. पाचशे येन गेले तर गेले; निम्म्या भाड्यात त्याचे पैसे आधीच वसूल झालेले असतील.